वन-शॉट लिहायचा कसा, आणि दुसऱ्या डीएमच्या हाती द्यायचा कसा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी लिहिलेलं माझं पहिलं अ‍ॅडव्हेंचर २३ पानांचं होतं. त्यातल्या नऊ पानांवर एका राजघराण्याची वंशावळ होती. शनिवारी रात्री मित्राच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून खेळायला बसलो, आणि खेळाडूंनी पहिल्या अर्ध्या तासात राजवाड्याकडे पाठ फिरवून थेट बंदर गाठलं. बंदराबद्दल माझ्याकडे एकच ओळ होती: ‘इथे जहाजं असतात.’

हा लेख त्या ओळीमुळे सुचला. तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायची; ती चालवणारा तो डंजन मास्टर, म्हणजे डीएम, आणि त्याच्या हातातली लिहिलेली गोष्ट म्हणजे अ‍ॅडव्हेंचर) किंवा तसा एखादा खेळ चार-सहा वेळा खेळला आहात, फासे-बिसे घरात आहेत, आणि आता स्वतःचं काहीतरी लिहून दुसऱ्यांनाही खेळायला द्यावं असं वाटतंय, असं धरून चालतो. मोठी कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, लिहायच्या भानगडीत इतक्यात पडू नका. एका रात्रीत, तीन-चार तासांत संपणारा वन-शॉट लिहा. कागदाच्या पाठपोट दोन बाजू पुरतात.

हा छोटा आकार या खेळात अगदी सुरुवातीपासून आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला, आणि लवकरच तिथल्या संमेलनांमध्ये त्याच्या स्पर्धा होऊ लागल्या. एकच अ‍ॅडव्हेंचर, वेगवेगळी टेबलं, प्रत्येक टेबलावर वेगळा डीएम आणि ठरलेली वेळ. १९७८ मध्ये टीएसआर या खेळ छापणाऱ्या कंपनीने विकायला काढलेली पहिली सुटी अ‍ॅडव्हेंचर्स मुळात अशाच एका स्पर्धेसाठी लिहिलेली होती. त्यामुळे लिहिणारा एक आणि चालवणारा भलताच, ही अट त्यांत पहिल्यापासून होती. तुमचा वाचकही तसाच आहे. तो उशी पाठीला लावून निवांत वाचत बसलेला नाही. समोर चार जण प्रश्न विचारतायत, एकजण वेफर्सचा पुडा फोडतोय, आणि डीएमला चार सेकंदांत उत्तर हवंय.

अडचण आधी, गोष्ट नंतर

सुरुवात एका वाक्याने करा. त्यात कुणाची तरी अडचण हवी आणि ती आज-उद्या बिघडत जाणारी हवी. मी इथे माझंच एक उदाहरण शेवटपर्यंत वापरतो, कावळगडाचं.

गडावरच्या टाक्याचं पाणी झिरपून पायथ्याच्या गावातल्या विहिरीला येतं. तीन आठवडे विहीर आटत चालली आहे. बघायला वर गेलेल्या पाच जणांपैकी दोघेच परत आले.

झालं, एवढंच. आता पडद्यामागे काय चाललंय ते लिहायचं, तेही थोडक्यात. चार लुटारूंनी जुन्या पेटीच्या शोधात टाक्याची भिंत फोडली. पाणी खालच्या भुयारात चाललंय. भुयारात गडाच्या जुन्या शिबंदीचे सांगाडे अजून पहाऱ्यावर उभे आहेत, कारण त्यांची बदली कधी आलीच नाही. (बदलीची वाट बघणारा कर्मचारी आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावा लागत नाही, हा एक फायदाच.) गावातले उरलेले तिघे लुटारूंच्या ताब्यात आहेत आणि सांगाड्यांच्या दिशेने खणायला त्यांनाच पुढे ढकललं जातंय.

आणि आता सगळ्यात महत्त्वाच्या तीन ओळी, ज्या मी पानाच्या अगदी वर चौकटीत टाकतो:

गावाला हवंय: पाणी आणि माणसं.
लुटारूंना हवंय: पेटी. जीव जाणार असेल तर पेटी नको.
सांगाड्यांना हवंय: पहाऱ्यावरून सुटका.

‘मग खेळाडू अंबारखान्यात जातात, तिथे लढाई होते, मग त्यांना कळतं की…’ असं लिहायला लागलात की हात आवरा. खेळाडू काय करतील हे तुम्ही ठरवायचं नाही. कोणाला काय हवंय हे ठरवलंत, की खेळाडूंनी काहीही केलं तरी समोरचा कसा वागेल हे डीएमला आपोआप सुचतं. माझ्या बंदराला हेच हवं होतं.

एक सूचना, अनुभवाची. खऱ्या किल्ल्याचं नाव देऊ नका. खऱ्या किल्ल्याला खरा इतिहास असतो, टेबलावर एकजण तरी ट्रेकर असतो, आणि तो ‘पण तिथे दिंडी दरवाजा पूर्वेला आहे’ यावर पाऊण तास घेतो. शिवाय खऱ्या इतिहासात आपली भुतं घुसवायची नसतात. माची, बुरूज, देवडी, टाकं, चोरदरवाजा हे सगळं घ्या, गड मात्र आपल्या मनातला असू द्या.

नकाशा: पाच जागा, दोन वाटा

डीएमसाठी लिहिणारे जॉन फोर यांची ‘पाच खोल्यांचं डंजन’ ही पद्धत बरीच चालते (डंजन म्हणजे धोक्यांनी भरलेली, आत शिरून शोधायची जागा). दारातला अडथळा, डोकं चालवायला लावणारं कोडं किंवा संवाद, एखादी फसगत, मोठी लढत, शेवटी बक्षीस किंवा उलगडा. पाच ही संख्या वन-शॉटला बरोबर बसते. पण नवखे लोक या पाच खोल्या रेल्वेच्या डब्यांसारख्या एकामागे एक जोडतात, आणि मग खेळाडूंना ठरवायला काही उरतच नाही.

डंजन रचणाऱ्या जेनेल जॅक्वेज यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी काढलेल्या नकाशांचं कौतुक आजही होतं ते यासाठीच. आत शिरायच्या वाटा अनेक, आणि आतल्या वाटा वळसा घालून एकमेकींना मिळणाऱ्या. पाच जागांच्या नकाशातही एक वळसा बसतो. कावळगडावर दिंडी दरवाज्यातून शिरलं की एका बाजूला टाकं, दुसऱ्या बाजूला अंबारखाना. दोन्हीकडून भुयारात उतरता येतं. भुयाराच्या टोकाला पेटीची खोली, आणि तिथून कड्याच्या पोटातून बाहेर निघणारा चोरदरवाजा. परत आलेल्या दोघांपैकी एकाने तो पाहिलाय. त्याच्याशी बोललं, तर खेळाडू शेवटच्या खोलीतून सुरुवात करू शकतात. करू द्या.

नकाशा चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढला तरी चालतो. एक चौकट म्हणजे खेळातले पाच फूट. मोबाइलवर फोटो काढण्यापूर्वी रेषा काळ्या पेनाने गिरवा. ब्राउझरमध्ये काढायचा असेल तर डंजन स्क्रॉल फुकट वापरता येतं.

खोली कशी लिहायची

इथे जरा थांबतो, कारण निम्मी अ‍ॅडव्हेंचर्स इथेच फसतात. माझी अंबारखान्याची पहिली नोंद अशी होती:

‘शेकडो वर्षांपूर्वी धान्य साठवण्यासाठी बांधलेल्या या भव्य वास्तूच्या भिंती आता काळाच्या ओघात जीर्ण झाल्या असून, एकेकाळी इथे वावरणाऱ्या सैनिकांच्या आठवणी जणू अजूनही…’

हे मोठ्याने वाचताना तिसऱ्या ओळीला एका मैत्रिणीने फोन उचलला. आताची नोंद अशी आहे:

‘अंबारखाना. छप्पर अर्धं पडलेलं. ओल्या राखेचा वास. कोपऱ्यात तीन माणसं एकाच दोरीला बांधलेली.
लुटारू दोन (बाकीचे दोघे खाली भुयारात). एक झोपलाय. जागा आहे तो घाबरलेला, कारण खालून मघाशी आवाज आला.
आरडाओरडा झाला तर: खालचे दोघे वर येत नाहीत. तेही घाबरलेत.
राखेखाली: भुयारात उतरायची फरशी.’

पहिली ओळ खेळाडूंना जे दिसतं, ऐकू येतं, वास येतो त्याची. दुसरीत कोण आहे आणि आत्ता काय करतंय. तिसरीत हमखास घडणाऱ्या गोष्टीचं उत्तर. चौथीत लपलेलं काय. सगळं मिळून ४०-४५ शब्द. ‘भव्य’, ‘गूढ’, ‘भयाण’ यांपैकी एकही शब्द लागत नाही, ओल्या राखेचा वास पुरतो.

मराठीत लिहिताना दोन गोष्टी फार कामाला येतात. एक, मोठ्याने वाचायचा मजकूर ‘तुम्ही’ धरून लिहा. ‘तुम्ही आत शिरता’ म्हटलं की टेबलावरचे सगळे त्यात आले. ‘तू आत शिरलास’ लिहिलंत की शिरलास की शिरलीस हा घोळ डीएमच्या डोक्यावर. दुसरी माझी आवडती. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा भाव बदलण्यासाठी वापर करा. लुटारूंचा म्होरक्या खेळाडूंना ‘ए, कोण रे तू?’ म्हणतो. हरला की त्याच तोंडाने ‘अहो, जाऊ द्या ना’ येतं. मी नोंदीत एवढंच लिहितो: ‘म्होरक्या: जिंकत असेपर्यंत तू, मग तुम्ही.’ त्याच्या स्वभावावर वेगळा परिच्छेद लागत नाही.

खेळातल्या शब्दांचं मराठीकरण मात्र टाळा. आर्मर क्लासला ‘कवचश्रेणी’ केलंत की डीएम आधी मनात उलटं भाषांतर करतो आणि मग फासा टाकतो. एसी (आर्मर क्लास, वार लागणं किती अवघड), एचपी (किती जीव उरलाय), सेव्ह (घात टाळायला टाकलेला फासा), लेव्हल (पात्राची पायरी) हेच राहू द्या.

एक धागा तीन ठिकाणी

या खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये मांडलेला तीन धाग्यांचा नियम मी डोळे मिटून पाळतो. खेळाडूंना जे कळलंच पाहिजे, त्याकडे नेणारे किमान तीन दुवे ठेवा. एक ते बघणारच नाहीत, दुसऱ्याचा अर्थ चुकीचा लावतील, तिसरा लागेल.

कावळगडाचे सांगाडे येणाऱ्याला परवलीचा प्रश्न विचारतात: ‘पाणी कोणाचं?’ उत्तर आहे, ‘तहानलेल्याचं.’ उत्तर दिलं तर ते भाला खाली घेतात. हे उत्तर तीन ठिकाणी ठेवलंय. गावातली आजी पहाटे जात्यावर ओवी म्हणते:

पाणी कुणाचं गं बाई, पाणी तहानल्या जिवाचं
न्हाई राजाचं गं बाई, न्हाई पाटील रावाचं

दुसरं टाक्याच्या काठावर कोरलेलं, झिजलेलं, फक्त ‘…हानलेल्याचं’ एवढं वाचता येणारं. तिसरं दिंडी दरवाज्याच्या देवडीत, कधीकाळी कंटाळलेल्या पहारेकऱ्याने खिळ्याने भिंतीवर वीस वेळा खरडलेलं. आणि एखाद्या टेबलाला तिन्ही चुकले तरी खेळ अडत नाही. लढता येतं, चोरदरवाज्याने जाता येतं. जिथे एकच उत्तर असलेलं कोडं रस्ता पूर्ण अडवतं, तिथे सेशनचा तास वाया जातो आणि सगळे चहा करायला उठतात.

चकमकीचा हिशेब

पहिल्या लेव्हलचे चार खेळाडू, समोर चार सांगाडे. सोपं वाटतं ना? खेळाच्या २०१४च्या नियमांनी मोजू. एका सांगाड्याचे ५० एक्सपी (अनुभवाचे गुण, यांवरूनच धोका मोजतात), चारांचे २००. शत्रू तीन ते सहा असतील तर दुपटीने धरायचे, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलला ‘डेडली’ची रेघ माणशी १००, चार जणांची ४००. म्हणजे ही चकमक जीवघेणीच्या उंबरठ्यावर आहे. आकड्यांपलीकडे टेबलावर बघा. सांगाड्याची शॉर्टसोर्ड सरासरी पाच-साडेपाच एचपी खाते, विझर्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, असतात सात-आठ. दोन वार बसले की विझर्ड आडवा.

गंमत पुढे आहे. २०२४च्या नियमांत तो संख्येचा गुणक काढून टाकला. तिथे पहिल्या लेव्हलला ‘कमी’ धोक्याची मर्यादा माणशी ५० एक्सपी, चार जणांची २००. तीच चकमक, तेच चार सांगाडे, आणि आता ती ‘कमी’च्या खणात. म्हणून पहिल्याच पानावर ठळक लिहा: कोणती आवृत्ती, किती खेळाडू, कितवी लेव्हल. आणि दोन सुटे आकडे द्या: ‘खेळाडू तीन असतील तर सांगाडे दोन, पाच असतील तर पाच.’

मूळ स्टॅट ब्लॉकमध्ये (शत्रूच्या आकड्यांच्या चौकटीत) बदल केला असेल तर तो त्याच्या शेजारीच सांगा. नियमांतले सांगाडे जिवंतपणी येत असलेल्या भाषा समजतात, पण बोलत नाहीत. माझे एक प्रश्न विचारतात. हे मी आधी पहिल्या पानावर लिहिलं होतं आणि सांगाडे चौथ्यावर होते. चालवणारा डीएम चौथ्यावर आल्यावर पहिलं विसरला होता, आणि चूक माझीच होती.

गप्प बसायची परीक्षा

स्वतः चालवून बघणं ही अर्धीच चाचणी. जे लिहायचं राहिलंय ते तुमच्या डोक्यात असतं आणि तुम्ही नकळत भरून काढता. म्हणून प्रिंट काढा, दुसऱ्याला चालवायला द्या, आणि कोपऱ्यात वही घेऊन बसा. एक शब्द बोलायचा नाही. डीएम पान कधी मागे उलटतो, कुठे अडखळतो, कुठे ‘अं… एक मिनिट’ म्हणतो, तेवढं टिपायचं.

कावळगडाच्या चाचणीत आजीकडे कुणी फिरकलंच नाही. देवडी अंधारात राहिली. सांगाड्यांनी विचारलं, ‘पाणी कोणाचं?’ आणि क्लेरिक, म्हणजे देवाचा पुजारी, खेळणाऱ्या मुलीने कमरेची पखाल काढून पुढे केली. ‘घ्या. तुमचंच.’ हे माझ्या कागदात कुठेच नव्हतं. डीएमने माझ्याकडे पाहिलं, मी वहीत डोकं खुपसलं. मग त्याने वरची चौकट पुन्हा वाचली, सांगाड्यांना हवंय सुटका, आणि सांगाड्याने पखाल तोंडाला लावली. पाणी बरगड्यांतून गळून फरशीवर पडलं. त्याने भाला भिंतीला टेकवला आणि तो खाली बसला, आणि उठलाच नाही. त्या टेबलावर मिनिटभर कुणी बोललं नाही.

ती रात्र चौकटीतल्या त्या एका ओळीने वाचवली. वंशावळीची नऊ पानं असती तर वाचली नसती.

वाटायला काढताना

आधी हक्कांचं बघा, कारण इथे लोक उगाच घाबरतात किंवा उगाच बिनधास्त असतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मूळ नियमांचा सारांश सिस्टिम्स रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे एसआरडी, या नावाने मिळतो. त्याची ५.१ आवृत्ती जानेवारी २०२३ पासून, आणि नव्या नियमांवरची ५.२ आवृत्ती २०२५ पासून, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बीवाय ४.०’ परवान्याखाली आहे. म्हणजे त्यातला मजकूर घ्या, बदला, मराठीत आणा, विका सुद्धा. अट एवढीच की त्यात दिलेली श्रेयाची ओळ छापायची आणि बदल केले असतील तर तसं सांगायचं. जे एसआरडीत नाही, म्हणजे आज हा खेळ काढणाऱ्या कंपनीची प्रसिद्ध शहरं, नायक, काही खास राक्षस, ते घेऊ नका. कंपनीचं फर्गॉटन रेल्म्स हे जग वापरायचंच असेल तर २०१६ पासून सुरू असलेल्या डीएम्स गिल्ड या विक्रीच्या संकेतस्थळावर ते चालतं, पण विक्रीतला निम्मा वाटा तुमचा आणि ते तिथून बाहेर दुसरीकडे विकता येत नाही. कावळगडासारखं घरचं जग असेल तर त्या वाटेला जायचं कारणच नाही. चकवा, मुंजा, खवीस यांच्यावर कुणाचा हक्क नाही.

इंटरनेटवर सापडलेलं चित्र किंवा नकाशा परवाना न वाचता लावू नका. चित्र नसलेलं चालतं. नकाशा हवाच.

मग पीडीएफ. अक्षरं मुक्त परवान्याची घ्या: मुक्ता, नोटो सान्स देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी. शेवटच्यात श आणि ल आपल्या वळणाचे येतात. अक्षर ११ पॉइंटच्या खाली नेऊ नका, टेबलावरचा उजेड नेहमी वाईट असतो. पीडीएफ तयार झाली की दोन परीक्षा घ्या. मोबाइलवर उघडून ‘क्लेरिक’ आणि ‘अ‍ॅडव्हेंचर’ तुटले नाहीत ना बघा. मग एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. देवनागरी पीडीएफमध्ये दिसायला सगळं ठीक आणि कॉपी केल्यावर जोडाक्षरांचा चिवडा, हे वरचेवर होतं, आणि मग शोधल्यावर शब्द सापडत नाही. असं झालं तर लिब्रे ऑफिससारख्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून पीडीएफ काढून बघा.

शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काळ्या-पांढऱ्यात पाठपोट प्रत काढा. स्क्रीनवर छान दिसणारी करडी पार्श्वभूमी तिथे काळीकुट्ट येते.

इच डॉट आयओ या खेळ वाटायच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की फाइल दहा मिनिटांत चढते. किंमत शून्य ठेवा किंवा ‘वाटेल ते द्या’. वर्णनात तीन ओळी पुरतात: अडचण काय, किती जण, किती वेळ. मराठीत आहे हेही पहिल्या ओळीत लिहा, पुण्या-मुंबईबाहेर, आणि देशाबाहेरही, मराठीत खेळू बघणारे शोधत असतात. तुमच्या मजकुराला परवाना द्या. मी बीवाय-एसए देतो, म्हणजे कुणी कावळगड बदलला तर त्यालाही तो तसाच खुला ठेवावा लागतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या वन पेज डंजन स्पर्धेतली एकपानी डंजन्स याच पद्धतीने खुली आहेत. लिहायला बसण्यापूर्वी त्यातली दहा चाळा, एका पानात किती मावतं ते कळेल.

फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा ठेवा, कावळगड-१, कावळगड-२. चालवून बघणाऱ्यांकडून ‘मस्त होतं’ हे ऐकून काही हाती लागत नाही. ‘खेळाडूंनी असं काय विचारलं की तुझ्याकडे उत्तर नव्हतं?’ एवढं एकच विचारा. मला तिघांकडून एकच उत्तर आलं, आणि दुसऱ्या आवृत्तीत मी जात्यावरच्या आजीला नाव दिलं. भागीरथी.